दुतर्फी कुलूप

दाराच्या आतून व बाहेरून, दोन्ही बाजूंनी लावता-उघडता येणारे कुलूप. प्रस्तुत नोंद ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांतील घरे डोळ्यांपुढे ठेवून केली आहे.

जुन्या घरांत आतला व बाहेरचा बंदोबस्त वेगवेगळा असे : आतून अडसर किंवा खिट्टी, बाहेरून कडी-कोयंडा व कुलूप. अडसर घातलेले दार बाहेरून उघडत नाही. म्हणून घर सोडताना पुढचे दार आतून बंद करून परसदाराला कुलूप लावणे सोयीचे ठरे. कडी-कोयंड्याचा दोष असा, की माणसे घरात असताना कोणीही बाहेरून कडी घालू शकतो. आजच्या अल्ड्रॉपमध्येही तो कायम आहे. कारवीच्या कुडाच्या घरात मात्र भिंतच हलकी असल्याने कुलपाची निवड गौण ठरते.

प्रकार : दाराच्या आतल्या अंगावर स्क्रूने बसणारे रिम लॉक आणि फळीच्या जाडीत खाच पाडून बसवायचे मॉर्टिस लॉक, हे दोन मुख्य. भारतीय मानकांत टॉवर बोल्टसाठी आयएस २०४, सुट्या कुलपासाठी आयएस २७५, अल्ड्रॉपसाठी आयएस २८१ व उभ्या मॉर्टिस लॉकसाठी आयएस २२०९ ही मानके आहेत. किल्लीच्या दात्यांनी पिना उचलणारे सिलिंडर अमेरिकेत धाकट्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात विकसित केले. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला.

निवड : खरा प्रश्न आतून किल्ली हवी की खटका, हा आहे. दाराशेजारी काच किंवा जाळी असल्यास बाहेरून हात घालून खटका फिरवता येतो, म्हणून काही जण दोन्हीकडे किल्लीचे कुलूप पसंत करतात. परंतु आग लागल्यास अंधारात किल्ली शोधावी लागते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीविना उघडता आले पाहिजे. राहत्या घरासाठीही बाहेरून किल्ली व आतून खटका हीच रचना योग्य. जाळीचा बंदोबस्त जाळीपाशी करावा.

मॉर्टिस लॉकला जाड, भरीव फळी लागते. पातळ पत्र्याच्या दाराला ते बसत नाही. तिथे रिम लॉक किंवा अल्ड्रॉप. सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसात लाकूड फुगते, चौकट आवळते आणि कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेसमोर येत नाही. ही खाच उन्हाळ्यात मापून बेतलेली असेल, तर दार ऐन आषाढात अडते. खाच थोडी सैल ठेवणारा सुतार इथे महागड्या कुलपापेक्षा उपयोगी.

वापर : दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांची घरे पावसाळ्यापर्यंत बंद राहतात, मुंबईकरांचे बंगले आठवडाभर. दोन्हींत कुलूप बाहेरूनच जास्त काळ लागलेले असते.

डिजिटल कुलूप : बॅटरीवर चालते, किल्लीची पर्यायी सोय असलेलेच घ्यावे.