हलक्या अर्धस्वयंचलित शिकारी रायफलीची नळी

रायफलीची नळी हा काडतुसातील दारूच्या ज्वलनाने निर्माण होणारा दाब सहन करणारा, गोळीला वेग देणारा आणि आतील सर्पिल खाचांच्या साहाय्याने तिला स्वतःभोवती फिरवणारा बंदुकीचा भाग होय. चाप ओढल्यावर एक गोळी सुटून पुढचे काडतूस आपोआप भरले जाते, अशा रायफलीस अर्धस्वयंचलित रायफल म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एआर-१५ व एआर-१० या प्रकारांच्या रायफली सुट्या भागांतून जुळवून शिकारीसाठी वापरण्याची पद्धत रूढ आहे. अशा जुळणीत रायफलीचे वजन, अचूकता, गोळीचा वेग आणि कायदेशीरपणा या चारही गोष्टी मोठ्या प्रमाणात नळीच्या निवडीवर अवलंबून असतात. नळी हलकी करताना काही ना काही गमवावे लागते. काय गमावले तर चालेल आणि काय गमावल्यास प्राणी मरण्याऐवजी जखमी होऊन निसटेल, हा या निवडीतील मुख्य प्रश्न असतो.

पार्श्वभूमी

जॉन ब्राउनिंग यांनी रचना केलेली आणि १९०६ साली रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणलेली रायफल (पुढे ‘मॉडेल ८’ या नावाने प्रसिद्ध) ही अमेरिकेतील सुरुवातीच्या शक्तिशाली अर्धस्वयंचलित शिकारी रायफलींपैकी एक होती. तिची नळी एका बाह्य आवरणात मागेपुढे सरकत असे. त्यामुळे तिचे वजन वाढत असे. पुढील काळात नळी स्थिर ठेवून तिच्यातील थोडा वायू बाजूला घेऊन यंत्रणा चालविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

१९५० च्या दशकात आर्मलाइट कंपनीत यूजीन स्टोनर यांनी ॲल्युमिनियमचा सांगाडा असलेली एआर-१० ही हलकी लष्करी रायफल विकसित केली. वजन आणखी घटविण्यासाठी कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज सुलिव्हन यांच्या आग्रहावरून, स्टोनर यांचा विरोध असतानाही, चाचणीच्या रायफलींना पोलाद व ॲल्युमिनियम यांची संमिश्र नळी बसविण्यात आली. १९५७ च्या प्रारंभी स्प्रिंगफील्ड आर्मरी येथील कठोर चाचणीत ही नळी फुटली. कंपनीने लगेच पूर्ण पोलादी नळी बसविली. तथापि लष्कराच्या स्पर्धेतील संधी हातची गेली. सांगाड्याचे वजन घटविता येते, पण नळीच्या बाबतीत दाब सोसण्याच्या क्षमतेशी तडजोड करता येत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

एआर-१० वरूनच लहान काडतुसाची एआर-१५ तयार झाली. १९५९ साली तिचे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले. या रायफलीत बोल्टचे दाते नळीच्या मागील टोकाला जोडलेल्या पोलादी भागात अडकतात. स्फोटाचा भार त्यामुळे मुख्यतः नळी व बोल्ट यांवर येतो आणि उरलेला सांगाडा हलक्या धातूचा ठेवता येतो. नळी बदलली की रायफलीचा स्वभाव बदलतो, तो याच रचनेमुळे.

काडतूस

नळीची निवड काडतुसापासून सुरू होते. .२२३ रेमिंग्टन हे काडतूस कोयोटीसारख्या लहान प्राण्यांसाठी पुरेसे मानले जाते. हरणासाठी ते अनेक राज्यांत चालते. मात्र काही राज्यांत त्यास मनाई आहे. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्याच मॅगझिनमध्ये व बोल्टवर चालते, परंतु त्याची गोळी जाड व तुलनेने संथ असते. .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर व .३०८ विंचेस्टर यांसाठी एआर-१० च्या आकाराचा मोठा सांगाडा लागतो. केवळ काडतुसाच्या निवडीमुळे रायफलीचे वजन बरेच वाढते. ते नळी बारीक करून पूर्णपणे भरून काढता येत नाही.

लांबी

गोळी नळीत असेपर्यंत वायूचा दाब तिला ढकलत असतो. म्हणून लांब नळीतून गोळी अधिक वेगाने बाहेर पडते. नळी १ इंचाने (२५.४ मिमी) आखूड केल्यास बहुतेक शिकारी काडतुसांचा वेग सेकंदाला सुमारे २० ते ५० फुटांनी घटतो. ही घट काडतुसातील दारूचे प्रमाण व तिच्या ज्वलनाचा वेग यांवर अवलंबून असते. .३०० ब्लॅकआउटमध्ये जलद जळणारी दारू थोड्या प्रमाणात असते. त्यामुळे ते आखूड नळीतही आपले काम बव्हंशी पूर्ण करते. ६.५ क्रीडमूर किंवा .२४३ विंचेस्टर यांचा पूर्ण लाभ मात्र २० इंच वा त्याहून लांब नळीतच मिळतो.

वेगाचे महत्त्व केवळ पल्ल्यापुरते नसते. शिकारी गोळी प्राण्याच्या शरीरात शिरल्यावर फुलेल अशी बनवलेली असते आणि त्यासाठी तिला किमान वेग लागतो. बऱ्याच गोळ्यांच्या बाबतीत हा वेग सेकंदाला सुमारे १,८०० फूट असतो. त्याहून कमी वेगाने लागलेली गोळी न फुलता आरपार जाते आणि प्राणी तत्काळ न मरता जखमी अवस्थेत दूर निघून जातो. नळी आखूड केल्यास ज्या अंतरापर्यंत गोळी झाडणे योग्य ठरते ते अंतरही कमी होते. दाट जंगलात, जेथे जनावर ५० ते १०० यार्डांवरच दिसते, तेथे १६ इंची नळी पुरते. मोकळ्या माळरानावर तीच नळी उणी पडू शकते.

जाडी व वजन

नळीच्या बाह्य आकारास ‘प्रोफाइल’ म्हणतात. सर्वांत बारीक प्रकारास ‘पेन्सिल’ असे रूढ नाव आहे. वजनाचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. पोलादाची घनता प्रति घन सेंटीमीटर सुमारे ७.८५ ग्रॅम असते. १६ इंच लांब, सर्वत्र ०.६२५ इंच जाड आणि ०.२२ इंच छिद्राच्या नळीचे वजन सुमारे ५५० ग्रॅम भरते. जाडी ०.७५ इंच केल्यास ते सुमारे ८३० ग्रॅम होते. प्रत्यक्षात चेंबरजवळचा भाग अधिक जाड ठेवावा लागत असल्याने दोन्ही नळ्यांचे वजन यापेक्षा जास्त असते. तरीही जाडीतील अष्टमांश इंचाचा फरक पाव किलोहून अधिक पडतो. त्याउलट ०.६२५ इंच जाडीची नळी ४ इंचांनी आखूड केल्यास सुमारे १४० ग्रॅमच वाचतात.

ताठपणाचे गणित वेगळे आहे. एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे ०.७५ इंची नळी तेवढ्याच लांबीच्या ०.६२५ इंची नळीच्या सुमारे दुप्पट ताठ असते. परंतु १६ इंची बारीक नळी ही २० इंची बारीक नळीपेक्षाही जवळजवळ दुप्पट ताठ असते. म्हणजेच बारीक पण आखूड नळी ही जाड पण लांब नळीच्या जवळपास बरोबरीची ठरते. हलक्या शिकारी रायफलीला १६ ते १८ इंची नळी अनेकदा पसंत केली जाते, त्यामागे हे एक कारण आहे.

बारीक नळी लवकर तापते. लागोपाठ गोळ्या झाडल्यास तापलेल्या नळीचा नेम सरकू शकतो. नेमबाजीच्या स्पर्धेत हा मोठा दोष ठरतो. शिकाऱ्याला मात्र बहुधा एक किंवा दोनच गोळ्या झाडायच्या असतात आणि त्यांपैकी पहिली थंड नळीतून सुटते. म्हणून शिकारी नळीची परीक्षा दहा गोळ्यांच्या सलग मालिकेवर करण्यापेक्षा, थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी दर वेळी त्याच ठिकाणी लागते की नाही, यावर करणे अधिक सयुक्तिक ठरते. दुर्बीण जुळवताना प्रत्येक दोन-तीन गोळ्यांनंतर नळी थंड होऊ दिली जाते. हाताची पकड किंवा पट्ट्याचा ताण नळीवर येऊ नये म्हणून तिला कोठेही स्पर्श न करणारे आवरण बसवितात.

पातळ पोलादी नळीवर कार्बन तंतूंचे वेष्टन देऊन ताठपणा राखणाऱ्या नळ्याही उपलब्ध आहेत. त्यांत दाब सोसण्याचे काम पोलादी गाभाच करतो. अशा नळ्या साध्या बारीक पोलादी नळीहून बऱ्याच महाग असतात.

खाचांचा पीळ

नळीतील खाचा किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, त्यावरून तिचा पीळ सांगतात. ‘१:८’ म्हणजे ८ इंचांत एक फेरा. लांब गोळीला स्थिर राहण्यासाठी अधिक वेगवान पीळ लागतो. १८७९ साली ब्रिटिश गणितज्ञ आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी यासाठी सोपे सूत्र मांडले: गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून गोळीच्या लांबीने भागावे. ०.२२४ इंच व्यासाची गोळी ०.७५ इंच लांब असल्यास उत्तर सुमारे १० इंच येते. १ इंच लांब असल्यास ७.५ इंच. आज अधिक अचूक पद्धती उपलब्ध असल्या तरी प्राथमिक अंदाजासाठी हे सूत्र उपयोगी पडते.

एआर-१५ च्या पहिल्या नळ्यांचा पीळ १:१४ होता. अतिशीत व त्यामुळे दाट असलेल्या हवेत गोळी पुरेशी स्थिर राहत नसल्याचे आढळल्यावर तो १:१२ करण्यात आला. पुढे लांब गोळीसाठी एम-१६ए२ या रायफलीत १:७ पीळ आला.

या निवडीला आता पर्यावरणाचाही संदर्भ लाभला आहे. शिकार केलेल्या प्राण्यांच्या अवशेषांतील शिसे खाऊन कॅलिफोर्निया कॉन्डोर हे दुर्मीळ गिधाड विषबाधेने मरत असल्याने कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब असते. साहजिकच तिला अधिक वेगवान पीळ लागतो.

पोलाद व अंतर्भाग

नळ्यांसाठी प्रामुख्याने क्रोम व मॉलिब्डेनमयुक्त ४१४० आणि ४१५० ही पोलादे किंवा ४१६ आर हे गंजरोधक पोलाद वापरतात. छिद्राच्या आत क्रोमचा कठीण थर दिल्यास नळी झीज व गंज यांना दाद देत नाही. मात्र थर असमान बसल्यास अचूकता थोडी घटते. नायट्राइडिंग या प्रक्रियेत वेगळा थर न देता पोलादाचा पृष्ठभागच कठीण केला जातो. वर्षाला मोजक्याच गोळ्या झाडणाऱ्या शिकाऱ्याची नळी झिजण्यापेक्षा पावसात गंजण्याची शक्यता अधिक असते.

वायुछिद्र

अर्धस्वयंचलित रायफलीच्या नळीला बाजूने एक बारीक छिद्र असते. गोळी त्यापुढे गेल्यावर थोडा वायू त्यातून मागे जाऊन बोल्ट चालवितो. एआर-१५ मध्ये वायुमार्गाच्या प्रचलित लांबी सुमारे ७, ९ व १२ इंच आहेत. छिद्र चेंबरच्या जवळ असल्यास तेथील दाब अधिक असतो आणि बोल्ट जोराने मागे येतो. हलक्या रायफलीत हा धक्का अधिक जाणवतो. १६ इंची नळीसाठी त्यामुळे ९ इंची, तर २० इंची नळीसाठी १२ इंची मार्ग सौम्य ठरतो. छिद्र फारच लहान असल्यास कडाक्याच्या थंडीत पुढचे काडतूस भरले न जाण्याचा धोका असतो.

चेंबर व सुरक्षितता

नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव आणि वापरले जाणारे काडतूस तंतोतंत जुळणे अत्यावश्यक असते. .२२३ रेमिंग्टन व ५.५६ मिमी नाटो ही काडतुसे दिसायला सारखी असली, तरी त्यांच्या चेंबरची मापे भिन्न आहेत. .२२३ च्या चेंबरमध्ये लष्करी काडतूस झाडल्यास दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. दोन्ही चालावीत म्हणून ‘.२२३ वाइल्ड’ हे मधले चेंबर वापरतात. याहून गंभीर धोका .३०० ब्लॅकआउटचा आहे. हे काडतूस चुकून .२२३ च्या रायफलीत भरले जाऊ शकते, त्याची ०.३०८ इंची गोळी ०.२२४ इंची छिद्रातून जाऊ न शकल्याने रायफल फुटते. दोन्ही प्रकारच्या रायफली बाळगणारे यासाठी मॅगझिनवर निराळ्या खुणा करतात. नवी नळी बसविल्यावर बोल्ट व चेंबर यांतील अंतर जाणत्या कारागिराकडून मापकाने तपासून घेणे आवश्यक मानले जाते.

कायदेशीर मर्यादा

अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याच्या चौकटीत १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलीची सरकारकडे नोंदणी करावी लागते. शिकारीचे नियम राज्यपरत्वे बदलतात. कोलोरॅडोत मोठ्या प्राण्यांसाठी किमान ०.२४ इंच व्यासाची गोळी व किमान १६ इंची नळी लागते. अर्धस्वयंचलित रायफलीत मॅगझिन व चेंबर मिळून सहापेक्षा अधिक काडतुसे चालत नाहीत. त्यामुळे .२२३ ची नळी तेथे हरणाच्या शिकारीसाठी निरुपयोगी ठरते. पेनसिल्व्हेनियात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीस अर्धस्वयंचलित रायफल मुळीच चालत नाही.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीचे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात. परवान्याशिवाय बंदूक बनविणे किंवा तिची नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. अर्धस्वयंचलित रायफलींवर कडक निर्बंध असून, अमेरिकेप्रमाणे सुटी नळी विकत घेऊन घरी रायफल जुळविण्याची मुभा भारतात सामान्य नागरिकास नाही.