आघाडी: नकाशावरची रेघ, आकाशातला उतार

मराठीत ‘आघाडी’ म्हटले की आधी निवडणूक आठवते आणि पाठोपाठ ‘बिघाडी’. या पुस्तकातली आघाडी हवेची आहे. तिचे नाव मात्र खरोखरच रणांगणावरून आले आहे.

१९१७ साली विल्हेल्म ब्यर्कनेस लायप्झिग सोडून नॉर्वेतल्या बर्गनला आले, तेव्हा महायुद्ध पेटलेले होते. ब्रिटनकडून येणारी हवामानाची माहिती बंद, देशात धान्याची टंचाई. शेतकऱ्यांना पावसाचा अंदाज द्यायचा तर घरच्या घरी काही उभे करणे भाग होते. १९१८च्या उन्हाळ्यात त्यांनी निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे विणले. जाळे विरळ असले की लहान मासा निसटतो, तसेच आजवर झाले होते. आता नोंदी जवळजवळ आल्या आणि त्यांचा मुलगा याकोब याला नकाशावर वारा एकाएकी दिशा बदलतो त्या रेषा दिसू लागल्या. १९१९च्या त्याच्या निबंधाची पाने थोडीच आहेत, पण ही विद्याशाखा त्यांवरच उभी आहे. युद्धाच्या बातम्या ताज्या होत्या, त्यामुळे दोन वायुराशी भिडतात त्या जागेला ‘फ्रंट’ हे नाव सहज चिकटले.

वर्गात मी एक जुनी मासे ठेवायची काचेची पेटी वापरतो. मध्ये काचेचा पडदा, एका बाजूला निळी शाई घातलेले बर्फाचे पाणी, दुसऱ्या बाजूला कोमट. पडदा उचलला की निळे पाणी जिभेसारखे तळातून पुढे सरकते आणि कोमट पाणी त्याच्या पाठीवर चढते. मिनिटभरात निळा थर सपाट पसरतो आणि सगळे शांत होते. विद्यार्थी नेमका इथेच प्रश्न विचारतात: वातावरणात थंड हवा अशी सपाट का होत नाही? पृथ्वी फिरते म्हणून. सरकणारी हवा वळवली जाते आणि थंड हवेची पाचर तिरकी तगून राहते. या उताराचे गणित माक्स मार्गुलेस यांनी १९०६ सालीच मांडले होते. साधारण शंभर किलोमीटर आत गेलात तर थंड हवेची जाडी एक किलोमीटर भरते. डोळ्यांना हा उतार जाणवणारही नाही, पण त्यावरून चढणारी उबदार हवा थंड होत जाते आणि ढग धरतात. उष्ण आघाडी येण्याच्या आदल्या दिवशी सूर्याला पडणारे खळे म्हणजे याच उताराच्या वरच्या टोकाची खबर.

आघाडी जन्मते ती वाऱ्यामुळे. हजार किलोमीटरवर पसरलेला तापमानाचा फरक वारे दोन्हीकडून दाबत आणतात आणि तो चिंचोळ्या पट्ट्यात गोळा होतो. नुसते ऊन-थंडी शेजारी असून भागत नाही. वाऱ्याने दाबणे सोडले, किंवा थंड हवा उबदार समुद्रावरून जाताना खालून तापली, की आघाडी विरते. विरण्याची तिसरी तऱ्हा मला सर्वांत देखणी वाटते. वादळात थंड हवा पुढे रेटणारी शीत आघाडी चालीला तेज असते. ती उष्ण आघाडीला गाठते आणि मधली उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते. स्वीडनच्या टोर बर्जेरॉन यांनी हे १९१९ मध्येच ओळखले. फरक संपला की वादळाची शिदोरीही संपते.

आपला मोसमी पाऊस या चौकटीत बसत नाही आणि तो ओढूनताणून बसवू नये. पण हिवाळ्यात उत्तर भारतावर येणारे पश्चिमी झंझावात याच कुळातले. पुष्कळदा ते उतारवयातच इथे पोहोचतात. ते पुढे सरकले की मागून उत्तरेचे वारे सुटतात, निफाडचा पारा उतरतो आणि द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात.

पहिल्या प्रकरणातला नकाशा मुद्दाम कोरा ठेवला आहे. त्यावर फक्त वारा, दाब आणि तापमान यांच्या नोंदी आहेत. आघाडी तुम्ही काढायची आहे. पेन्सिलने काढा. माझी आणि माझ्या सहकाऱ्याची रेघ पन्नास किलोमीटरने हुकली होती, आणि आमचा वाद अजून मिटलेला नाही.