कांदा काढणारा हात आणि यंत्राचं पातं

शीव म्हणजे हद्द. जुन्या मुंबईची हद्द जिथं संपायची, ते ठिकाणही शीवच. आमच्या निफाड तालुक्यातला कांदा आग्रा रोडनं ठाणे, भांडुप, घाटकोपर करत शीवला पोचला, की ड्रायव्हर म्हणायचे, "आली मुंबई." पुढं मशीद बंदरचा बाजार. 1981 साली कांदा-बटाट्याचा बाजार नवी मुंबईत गेला आणि ती वाट सुटली. त्याआधीचे दोन उन्हाळे मी मालाबरोबर ट्रकनं गेलो होतो. व्यापारी गोणीत हात घालायचा, कांद्याची मान दाबायचा. मान ओली लागली की भाव खाली. शेतात काढणी कशी झाली, ते तिथं बोटाला कळायचं.

उन्हाळ कांद्याची लावणी डिसेंबर-जानेवारीत. मार्च-एप्रिलात निम्म्या माना पडल्या की काढणी. बाया ओळीनं बसायच्या. जमीन मऊ असली तर पात धरून उपटायचं, आवळलेली असली तर खुरपं घालायचं. काढलेल्या कांद्यावर पुढच्या ओळीची पात येईल असा पसरायचा, म्हणजे उन्हानं भाजत नाही. तीन-चार दिवसांनी इंचभर मान ठेवून विळ्यानं पात कापायची. कापता कापताच डोंगळा, जोडकांदा, चिंगळी वेगळी पडायची. काढणी, कापणी आणि निवड, तिन्ही कामं एकाच हातची. म्हणून चाळीत माल चार-पाच महिने टिकायचा.

आता ट्रॅक्टरमागं जोडायचं यंत्र आलंय. पातं कांद्याच्या खालून जातं, फिरत्या साखळीवर माती गळते, कांदा मागं ओळीनं पडतो. टोळीला दिवस लागायचा, ते काम काही तासांत उरकतं. एप्रिलात आभाळ भरून आलं आणि मजूर मिळेना, तेव्हा या तासांची किंमत शेतकऱ्यालाच ठाऊक.

पण आपले वाफे बांधाबांधाचे, जमीन काळी. ढेकळं कांद्याबरोबर साखळीवर चढतात, त्यांचा मार बसतो. पातं उथळ गेलं तर कांदा चिरतो. मार लागलेला कांदा त्या दिवशी चांगलाच दिसतो. महिन्यानं चाळीत सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो. युरोप-अमेरिकेत यंत्रानं कांदा निघतो, कारण तिथं बी टाकतानाच यंत्राच्या मापानं सरळ ओळी धरतात. आपण शेवटाला यंत्र आणतो आणि सुरुवात जुनीच ठेवतो.

यंत्राला नावं ठेवायची नाहीत. गादीवाफा, सरळ ओळी, भुसभुशीत रान एवढं केलं तर ते आपल्याकडंही चालेल. तरी पात कापायला आणि निवडायला बाया लागणारच. काढणीची मजुरी वाचते म्हणून शेतकरी खूश होतो, पण त्याच मजुरीवर कुणाचं तरी पावसाळ्याचं धान्य भरतं. यंत्राच्या भाड्याचा हिशेब लिहिताना कापणीचा दर दोन पैसे वाढवून लिहावा. चाळीतला कांदा टिकतो तो त्याच हातांमुळं.