नवताऱ्यांतील धूळ : निकट अवरक्त निरीक्षणे

नवताऱ्याचा स्फोट झाल्यावर बाहेर फेकला गेलेला वायू पसरत आणि निवत जातो. काही नवताऱ्यांत त्याचे घन कण बनतात, हीच नवताऱ्याची धूळ. ती ताऱ्याचा दृश्य प्रकाश अडवते आणि स्वतः तापून अवरक्त किरणे बाहेर टाकते. त्यांचा अभ्यास मुख्यतः १ ते २.५ मायक्रॉन तरंगलांबीच्या निकट अवरक्त पट्ट्यात होतो. वातावरणातील बाष्प या पट्ट्याचा बराच भाग गिळते. उरलेल्या तीन खिडक्यांना जे (१.२५ मायक्रॉन), एच (१.६५) आणि के (२.२) अशी नावे आहेत.

‘नवतारा’ हे नाव तसे फसवे आहे, कारण तारा जुनाच असतो. श्वेतबटू, म्हणजे जुन्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा, आपल्या जोडीदार ताऱ्याकडून हायड्रोजनयुक्त वायू ओढून घेतो. हा थर पुरेसा साचला की त्यात अणुकेंद्रीय ज्वलन भडकते आणि वरचा वायू सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर वेगाने सुटतो. श्वेतबटू मात्र शाबूत राहतो. अतिनवताऱ्यापेक्षा हा प्रकार वेगळा आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये शौरी तारकासमूहात दिसलेला नवतारा (डीक्यू शौरी) १९३५ च्या वसंतात एकाएकी कित्येक प्रतींनी (तेजस्वितेच्या पायऱ्यांनी) मंदावला आणि पुढे पुन्हा उजळला. वाटेत धूळ बनली असावी, ही कल्पना तेव्हाच पुढे आली, पण ती पडताळण्याचे साधन नव्हते. राखेने झाकलेला निखारा दिसत नाही, मात्र हात जवळ नेला की धग लागते. ती धग मोजणारे अवरक्त उपकरण १९७० मध्ये एफएच भुजंग या नवताऱ्याकडे वळले. दृश्य प्रकाश घटत असताना अवरक्त प्रकाश वाढत होता. म्हणजे ऊर्जा नाहीशी झाली नव्हती, फक्त दुसऱ्या तरंगलांबीकडे सरकली होती. या शाखेची खरी सुरुवात इथून धरावी.

कण बनतात तेव्हा त्यांचे तापमान साधारण १,२०० ते १,५०० केल्विन असते. १,२०० केल्विनच्या पदार्थाचे प्रारण २.४ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते, त्यामुळे धूळ धरू लागल्याची पहिली वर्दी के पट्ट्यातच मिळते.

भारतात हे काम सर्वात चिकाटीने झाले ते अबूजवळच्या गुरुशिखरावर. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची दुर्बीण तिथे सुमारे १,६८० मीटर उंचीवर आहे. एन. एम. अशोक, डी. पी. के. बॅनर्जी, रामकृष्ण दास आणि त्यांचे सहकारी यांनी तिथून अनेक नवताऱ्यांचे वर्णपट घेतले. त्यांतला सर्वात बोलका नवतारा व्ही१२८० वृश्चिक. जपानी निरीक्षकांनी तो ४ फेब्रुवारी २००७ ला शोधला आणि १६ तारखेच्या सुमारास तो चौथ्या प्रतीच्या जरा वर पोहोचला. भोर तालुक्यातल्या शिवरेसारख्या गावातून, महामार्गाच्या दिव्यांकडे पाठ केली तर, पहाटे दक्षिणेकडे नुसत्या डोळ्यांनी दिसावा इतका तो तेजस्वी होता. शोधानंतर सुमारे २३ दिवसांनी त्यात धूळ बनली. अबूच्या वर्णपटांत त्याआधीच सोडियम आणि मॅग्नेशियमच्या रेषा दिसल्या होत्या. ही मूलद्रव्ये सहज आयनित होतात, म्हणून त्यांच्या उदासीन अणूंच्या रेषा दिसणे म्हणजे वायूचा काही भाग थंड आहे. अशा रेषा धुळीची पूर्वसूचना देतात, हा या निरीक्षणांचा निष्कर्ष प्रस्तुत लेखकाला सर्वात मोलाचा वाटतो. त्याच नवताऱ्याचे धूळकवच युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या व्यतिकरणमापकाने प्रत्यक्ष वाढताना पाहिले : दिवसाला सुमारे ०.३५ सहस्रांश विकला. त्यावरून त्याचे अंतर साधारण ५,००० प्रकाशवर्षे निघाले.

धूळ कोणत्या द्रव्याची, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. कार्बन आणि ऑक्सिजन यांची कार्बन मोनॉक्साइडमध्ये गाठ पक्की असते. दोहोंतले कमी असलेले मूलद्रव्य सगळे त्यात बांधले गेले, तर उरेल त्या मूलद्रव्याचीच धूळ व्हावी : कार्बन उरला तर काजळी, ऑक्सिजन उरला तर सिलिकेट. पण व्ही७०५ शर्मिष्ठा (१९९३) मध्ये दोन्ही प्रकार सापडले, म्हणजे ही बांधणी अपुरी राहते. कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे २.२९ मायक्रॉनपासून पुढे दिसतात. व्ही२६१५ भुजंगधारी (२००७) आणि व्ही५६६८ धनू (२०१५) यांत ते अबूहून टिपले गेले. दुसऱ्यात कार्बन-१३ चे प्रमाण सूर्यमालेतल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले, आणि धूळ सूर्याच्या वस्तुमानाच्या एक कोटीव्या भागाच्या जवळपास तिप्पट, म्हणजे चंद्राच्या सुमारे सातपट. काही उल्कापाषाणांत सापडणारे कार्बन-१३ ने समृद्ध सूक्ष्म कण नवताऱ्यांचेच असावेत, असे २००१ पासून मानले जाते.

इतक्या प्रखर किरणांत कण टिकतात तरी कसे? मंद वायूला मागून वेगवान वायू धडकतो आणि त्या आघातामागचा दाट, थंडावलेला थर कणांना आडोसा देतो, असे एक स्पष्टीकरण २०१७ मध्ये मांडले गेले. नवताऱ्यांतून येणाऱ्या गॅमा किरणांशी ते जुळते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध उपकरणांमार्फत येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिरस्पेक हा निकट अवरक्त वर्णपटमापक २०१३ मध्ये लडाखमधील हानले येथे २ मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीला जोडला गेला. खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीने ययातीमधला जुना नवतारा (जीके ययाति) आणि २००६ मध्ये पुन्हा उसळलेला आरएस भुजंगधारी यांचे रेडिओ वेध घेतले. पण ती वाट निराळी. धूळ तिथे दिसत नाही. सह्याद्रीच्या रांगांत अवरक्त निरीक्षणाला मुख्य अडसर बाष्पाचा. त्यातून आकाशगंगेच्या मध्याकडचे, म्हणजे वृश्चिक-धनू भागातले, नवतारे रात्रीच्या पूर्वार्धात सोयीचे असतात ते नेमके पावसाळ्यात. अबूलाही त्या महिन्यांत घुमट बंद ठेवावा लागतो.