नावाचा मान आणि शिकण्याची ओढ

धार आणि देवास ही पवार घराण्याची माळव्यातील जुनी संस्थाने. आज ती कारखान्यांसाठी ओळखली जातात. धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे वाहनउद्योग एकवटला आहे. देवासला १९७४ पासून चलनी नोटांचा सरकारी छापखाना आहे, किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखानाही आहे. अशा ठिकाणी कामगाराला प्रशिक्षणाची उमेद वाटते, ती कंपनीच्या नावामुळे की तेथील वागणुकीमुळे?

याचे जुने उत्तर किर्लोस्करवाडीत सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील ओसाड माळावर कारखाना उभारला, तेव्हा पदव्यांपेक्षा माणसांतील गुण हेरण्यावर त्यांचा भर होता. इंजिनावर कोळसा ओढणारे आणि लेथ चालवणारे शंभोराव जांभेकर त्यांच्याकडे आले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर पुढे कल्पक अभियंते झाले. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा तेव्हा समज होता आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. अर्थात नाव आधी मोठे नव्हते. शिकत गेलेल्या हातांनीच ते मोठे केले. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’ मुळात कारखान्याचे मुखपत्र होती. आजच्या कंपन्या ज्याला ‘ब्रँडिंग’ म्हणतात, त्याचा तो मराठी आरंभ मानता येईल.

नोटांच्या छापखान्याची गोष्ट निराळी. तेथील कारागिराला आपले कौशल्य चारचौघांत मिरवता येत नाही. त्याचे काम मात्र देशभर प्रत्येकाच्या खिशात फिरते.

पिथमपूरला आयशरच्या वाहनांचे उत्पादन १९८६ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने सुरू झाले. २००८ मध्ये व्होल्वोशी भागीदारी झाली आणि २०१३ मध्ये संयुक्त कंपनीचा इंजिन कारखाना तेथे उघडला. असे तंत्र बदलले की अनुभवी कामगारालाही पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. पर्यवेक्षकाने चूक दाखवताना अपमान केला, तर गणवेशावरील बोधचिन्ह त्याची उमेद टिकवू शकत नाही. प्रश्न विचारण्याची मोकळीक भिंतीवरच्या घोषवाक्याहून अधिक शिकवते.

शिकाऊ उमेदवाराची अडचण याहून मोठी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला विद्यावेतन मिळते, परंतु मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणे मालकावर सरसकट बंधनकारक नाही. २०१४ च्या दुरुस्तीनुसार अशा उमेदवारांच्या भरतीचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः आखायचे आहे. त्यामुळे आयटीआयमधून आलेला मुलगा नामांकित कंपनीत पाऊल ठेवतो तेव्हा, येथे काय शिकवतात याआधी, मागच्या तुकडीतील किती जण कामावर राहिले, हे विचारतो.