इडली-सांबाराचा इतिहास आणि गटाची हिशोबवही

वसई, नालासोपारा, विरार, कुठल्याही स्टेशनाबाहेर सकाळी गरम इडली मिळते. आपल्या बचतगटांतही नाश्त्याच्या धंद्याचा विषय निघाला की इडली-सांबाराचं नाव येतंच. मग कोणीतरी म्हणतं, "ते दक्षिणेकडचं, आपल्याला कुठे जमणार?" म्हणून आज या पदार्थाचा इतिहास सांगते. त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे.

इडलीचं नाव हजार वर्षांपूर्वीही होतं. इ.स. 920च्या सुमाराला शिवकोट्याचार्यांनी लिहिलेल्या 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथात 'इड्डलिगे' असा शब्द येतो. घरी आलेल्या ब्रह्मचाऱ्याला एक बाई अठरा पदार्थ वाढते, त्यातला हा एक. पुढे 1130च्या सुमाराला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'इड्डरिका' आहे. या राजाची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. आपल्या लातूर-धाराशिवच्या शेजारचाच हा भाग, आजही तिथे मराठी बोलली जाते. 'मानसोल्लासा'त मराठी पदंसुद्धा आहेत. म्हणजे इडलीच्या जुन्या उल्लेखांपैकी एक आपल्या अंगणाला लागूनच आहे.

पण ती इडली आजच्यासारखी नव्हती. ती नुसत्या उडदाची होती आणि तिला मिरी, जिरं, हिंग लावलेलं असे. खाद्य-इतिहासाचे अभ्यासक के. टी. आचया यांनी दाखवून दिलं की या जुन्या वर्णनांत तीन गोष्टी नाहीत: तांदूळ, पीठ आंबवणं आणि वाफेवर शिजवणं. या तिन्ही गोष्टी नंतर आल्या, तेव्हा आजची मऊ इडली झाली.

वाफेचं काम आपल्याला नवीन आहे का? मोदक, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, आमरस नाहीतर फणसाचा रस घालून केलेलं कोकणातलं सांदण, हे सगळं वाफेवरचंच. गोव्यात तांदळाच्या सान्ना ताडी घालून फुगवतात. पातेल्यात पाणी, वर चाळण, त्यावर कापड, ही रीत आपल्या आजीला ठाऊक होती. इडलीपात्र ही त्याचीच पुढची पायरी.

आता सांबार. तंजावरला 1675च्या सुमाराला शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी मराठ्यांची गादी स्थापन केली. त्यांच्या मुलाच्या, शहाजीराजांच्या काळातली एक गोष्ट सांगतात. संभाजी महाराज पाहुणे आले असताना आमटीला कोकम नव्हतं, म्हणून चिंच घातली आणि पाहुण्यांच्या नावावरून 'सांबार' झालं. गोष्ट गोड आहे, पण तिला त्या काळच्या कागदाचा आधार नाही. ती ऐकावी, इतिहास म्हणून सांगू नये. मिरचीचं मात्र पक्कं आहे. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली. आपल्या वसईवर 1534पासून 1739पर्यंत, चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत, त्याच पोर्तुगीजांचा अंमल होता. लाल मिरची, टोमॅटो, बटाटा घातलेलं सांबार त्याआधी कुठेच होणं शक्य नव्हतं. तेव्हा तिखट मिऱ्याचं असे.

मुंबईत इडली घराघरांत पोहोचवली उडुपीकडच्या हॉटेलवाल्यांनी. ए. रामा नायक यांनी 1942मध्ये माटुंग्यात सुरू केलेलं श्रीकृष्ण बोर्डिंग त्यातलं नावाजलेलं. तिथून ही चव लोकलच्या मार्गाने उपनगरांत पसरली.

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासात राजाचं नाव आहे, ग्रंथाचं आहे, हॉटेलाचं आहे. डाळ किती, मसाला कुठला, तेही आहे. पण ती डाळ पाट्यावर किंवा रगड्यात तासन् तास वाटली कोणी? तिचं नाव कुठेच नाही. इडलीचं खरं काम तर तेच. उडीद फेस येईपर्यंत वाटावा लागतो, तांदूळ थोडा रवाळ ठेवावा लागतो. कोइम्बतूरला विसाव्या शतकाच्या मध्यावर विजेवर चालणारा वेट ग्राइंडर तयार झाला, तेव्हा कुठे हे हात थोडे सुटले. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा आपण रव्याची इडली काढली, असं बंगळुरूचं एमटीआर हॉटेल सांगतं. त्या इडलीत तर वाटणच नाही.

तीच चूक आपल्या हिशोबवहीत होते. आपण तांदूळ लिहितो, डाळ लिहितो, गॅस लिहितो. भिजवणं, वाटणं, पहाटे उठून वाफवणं, नारळ खवणं, भांडी घासणं लिहीत नाही. मग महिन्याच्या शेवटी वहीत नफा दिसतो, पण तो नफा नसतो, ती आपली न लिहिलेली मजुरी असते.

साधं गणित करू. समजा 150 इडल्या केल्या, म्हणजे दोन-दोनच्या 75 प्लेटा. दोघी बायांचे प्रत्येकी तीन तास, मिळून सहा तास. तासाला 50 रुपये धरले तर मजुरी 300 रुपये. 75 प्लेटांवर वाटली तर प्लेटमागे 4 रुपये. सामान, गॅस आणि हे 4 रुपये धरून जो आकडा येईल तो खर्च. नफा त्याच्या वर.

करायला घेणाऱ्यांसाठी थोडं: तीन वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, थोडी मेथी. चार-पाच तास वेगवेगळं भिजवा, वेगवेगळं वाटा, मग एकत्र करून रात्रभर झाकून ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात पीठ लवकर आंबतं, थंडीत वेळ लागतो. दहा-बारा मिनिटं वाफ पुरते. सांबाराला तूरडाळ, चिंच आणि वाडीतली ताजी भाजी.

पुढच्या बैठकीत वहीत एक नवा रकाना आखा आणि वर लिहा, 'मेहनत'. ज्या बाईने जितके तास दिले, तितके तिच्या नावासमोर मांडा. नावासकट.