खान्देशातील स्त्री-उत्सव आणि परंपरेचे हस्तांतरण : वारसा आणि वारस

प्रस्तावना

आधुनिक स्त्रीवादामुळे हिंदू कुटुंबातील संस्कारांची परंपरा खंडित होत आहे, अशी चिंता आज विविध व्यासपीठांवरून व्यक्त केली जाते. याउलट, परंपरा म्हणजे स्त्रीदास्याची साखळी असून ती नव्या पिढीच्या हाती न देणेच श्रेयस्कर, असे मानणारा वर्गही समाजात आहे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही मतांमागे एकच गृहीतक आढळते. परंपरा ही एकाच रूपात चालत आलेली आणि बाहेरून आघात झाल्याखेरीज न बदलणारी गोष्ट आहे, असे दोन्ही पक्ष मानतात. प्रस्तुत लेखात खान्देशातील गुलाबाई, आखाजी आणि कानबाई या तीन उत्सवांच्या आधारे या गृहीतकाचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. खान्देशात परंपरा प्रामुख्याने स्त्रियांनी वाहिली. तथापि तिच्या वाहक असलेल्या स्त्रियांना तिच्या वारस म्हणून मान्यता मिळाली काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

परंपरेची परिवर्तनशीलता

या विषयाचा विचार धुळ्यात करताना इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे स्मरण अपरिहार्य ठरते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यातच निधन झाले आणि त्यांच्या नावाने उभे राहिलेले संशोधन मंडळ आजही या शहराचे भूषण आहे. 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' या ग्रंथात राजवाड्यांनी विवाहाच्या रूढी कालपरत्वे कशा बदलत गेल्या, याचा शोध प्राचीन वाङ्मयातील पुराव्यांच्या आधारे घेतला. राजवाडे हे स्वधर्म आणि स्वभाषा यांचे कडवे अभिमानी होते. तरीही संस्थांना इतिहास असतो आणि इतिहास म्हणजे परिवर्तन, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले. परंपरेविषयीचा आदर आणि तिची चिकित्सा या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी नांदू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

गुलाबाई आणि आखाजी : मुलींची अनौपचारिक शाळा

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खान्देशात गुलाबाईचा उत्सव चालतो. काही भागांत तिला भुलाबाई म्हणतात. शिव-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली रोज सायंकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून ठेवलेला खाऊ ओळखण्याचा खेळ रंगतो. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा यांच्याशी या उत्सवाचे जवळचे नाते आहे. येथे पुरोहित नाही, पोथी नाही आणि मुहूर्ताचे बंधनही नाही. मोठ्या मुलींकडून धाकट्या मुलींकडे गाणी तोंडी जातात. या गाण्यांचा आशय मात्र लक्षणीय आहे. माहेरी जाण्याची परवानगी मागणारी सून आणि नाना सबबी सांगून तिला थोपवून धरणारे सासर, हा त्यांतील आवडता प्रसंग होय. सासुरवासाचे दुःख आणि त्यावरचे मिस्कील भाष्य मुलींना विवाहापूर्वीच देवीसमोर गाता येत होते.

वैशाख शुद्ध तृतीयेला येणारी आखाजी हा सासुरवाशिणींचा सण. एकीकडे पितरांसाठी घागर भरली जाते, तर दुसरीकडे माहेरी आलेल्या लेकी झोके बांधून गौराईची अहिराणी गाणी म्हणतात. माहेरवाशिणीच्या विसाव्याला धार्मिक अधिष्ठान देणारी ही योजना होती. स्त्रीच्या व्यथेची दखल परंपरेने घेतलीच नाही, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. मात्र दखल घेणे आणि हक्क देणे यांत अंतर आहे, हेही विसरून चालणार नाही. गाणे संपल्यावर मुलीला पुन्हा त्याच सासरी जावे लागत होते.

श्रद्धा आणि चिकित्सा : बहिणाबाईंचा दाखला

जळगावजवळील आसोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. लेवा गणबोलीतील त्यांची कविता घरकाम आणि शेतीकाम करताना स्फुरली. सण, देवदेवता आणि शेतीची दैवते त्यांच्या कवितेत सहजपणे येतात. परंतु वैधव्यानंतर हात पाहू इच्छिणाऱ्या ज्योतिष्याला आपल्या दारी न येण्याचे बजावणारी स्त्रीही त्याच कवितेत भेटते. श्रद्धा न सोडता रूढीला प्रश्न विचारण्याचे हे बळ त्यांनी कोणत्याही चळवळीकडून उसने आणले नव्हते. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे पुत्र सोपानदेव यांच्या प्रयत्नांतून आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये त्यांची गाणी प्रकाशित झाली. मौखिक परंपरेतील अशा किती स्त्रियांचे शब्द टिपून घेणारे कोणी भेटले नसेल, याचा विचार करता हानीची कल्पना येते. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. या गौरवामुळे मौखिक वारशाविषयीची आपली जबाबदारी वाढली आहे.

कानबाईचा रोट आणि वारसाचा प्रश्न

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. नारळाच्या रूपातील देवीला वस्त्रालंकारांनी सजवून चौरंगावर बसवतात आणि दुसऱ्या दिवशी तिचे विसर्जन होते. सुरत, मुंबई, पुणे येथे पोटापाण्यासाठी गेलेले भाऊबंद या निमित्ताने गावी परततात. दळण, स्वयंपाक, सजावट आणि गाणी ही सर्व जबाबदारी स्त्रिया उचलतात. मात्र अनेक घराण्यांत रोटाचे धान्य घरातील पुरुषांच्या नावाने मोजून घेण्याची रीत आहे. उत्सव देवीचा, श्रम स्त्रियांचे आणि मोजणी पुरुषांची, असे हे चित्र आहे.

या मोजणीमागे जुन्या कुळव्यवस्थेचे तर्कशास्त्र आहे. मुलगी परक्या कुळात जाणार, म्हणून कुळाच्या गणतीत ती नाही. कायद्याने मात्र हे तर्कशास्त्र केव्हाच ओलांडले आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तर केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायाद मानले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क अधिक स्पष्ट केला. सातबाऱ्यावर नाव लागू शकणाऱ्या मुलीचे नाव रोटाच्या धान्यात मोजले जात नाही, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

या विसंगतीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ८८० होती, ती २०११ मध्ये ८४२ पर्यंत घसरली. या घसरणीचा संबंध कोणत्याही एका उत्सवाशी जोडणे अशास्त्रीय ठरेल. पण ज्या समाजात देवीला घरात आणून पुजले जाते, तेथे लेकीच्या जन्माचे स्वागत कमी होत जावे, हे संस्कारांच्या हस्तांतरणातील सर्वांत मोठे अपयश होय. गुलाबाईचे गाणे पुढे नेणारी मुलगीच जन्माला आली नाही, तर परंपरा कोणाच्या हाती सोपविणार?

स्त्रीवाद परका आहे काय?

स्त्रीवाद हा पाश्चात्त्य, म्हणून परका, असा आक्षेप घेतला जातो. तथापि ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्यात राहून 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, ती १८८२ मध्ये प्रकाशित झाली. धर्मशास्त्र आणि लोकव्यवहार यांतील दुटप्पीपणावर त्यांनी अस्सल मराठीत प्रहार केला. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मंदिरप्रवेशाचा प्रश्न उपस्थित झाला, त्यात विद्या बाळ याचिकाकर्त्या होत्या. त्याच महिन्यात शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांसाठी खुला झाला. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण दिले. मंदिरात प्रवेश मागणारी किंवा मंत्रपठण शिकणारी स्त्री परंपरेकडे पाठ फिरवत नाही. ती परंपरेतील आपला वाटा मागत असते. या मागणीकडे शत्रुभावाने पाहिल्यास तिची पुढची पिढी वाटा मागण्याऐवजी घरच सोडून जाईल, हा धोका ओळखला पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, खान्देशातील परंपरेच्या पोटात श्रद्धा आणि चिकित्सा दोन्ही नांदत आल्या आहेत. गुलाबाईचा उत्सव आज घराच्या अंगणातून शाळेच्या रंगमंचाकडे सरकत आहे. या बदलात गाणी टिकतील, परंतु त्यांतील व्यथेचा अर्थ मुलींना समजावून सांगितला नाही, तर केवळ नृत्यस्पर्धा उरेल. महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांनी विद्यार्थिनींकरवी आजी-आईकडील अहिराणी व लेवा गणबोलीतील गाणी प्रसंगासह नोंदवून घ्यावीत. हे काम अल्प खर्चाचे आणि तातडीचे आहे. कुटुंबांच्या पातळीवर रोटाच्या धान्यात लेकीच्या नावाचीही मूठ घालण्यास कोणत्याही शासननिर्णयाची आवश्यकता नाही. त्यासाठी घरातील ज्येष्ठांची संमती पुरेशी आहे. ज्या घरात लेकीला वारस म्हणून मोजले जाईल, तेथील वारसा तिच्या हाती सुरक्षित राहील, असे मानण्यास इतिहासाचा आधार आहे.